दोरा ठेवलेलं पान

आत्या पुस्तक दुरुस्त करायला बसली की समोर कोणी थांबत नसे. सुटायला आलेलं पुस्तक ती आधी पुरतं फाडायची. दोन्ही पुठ्ठे धरून मागे वाकवायची, पाठ मोडल्याचा आवाज यायचा, मग जुना डिंक नखांनी खरवडून काढायची, दाभणाने नवी भोकं पाडायची, जाड दोऱ्याने शिवायची आणि शेवटी सगळा ऐवज शिकंज्यात घालायची. शिकंजा म्हणजे लोखंडाच्या दोन जाड पाट्या आणि वर एक चाक. चाक फिरवलं की वरची पाटी खाली येते आणि मधल्या पुस्तकाचा श्वास बंद होतो. नीट व्हायचं असेल तर आधी चेपून घ्यावं लागतं, असं आत्या म्हणायची, आणि ती ते पुस्तकांपुरतंच म्हणत नव्हती.

सगळी वस्ती तिला आत्याच म्हणायची. तिचं वाचनालय लेथच्या कारखान्याला लागून होतं. एक लांबट खोली, पुढे शटर, मागे तिची राहायची खोली. दिवसभर पलीकडे लोखंड किंचाळत असायचं आणि अलीकडे आत्या. पुस्तक उशिरा आणणाऱ्याची ती बिनपाण्याने करायची. पानाचा कोपरा मुडपणाऱ्या बँकेतल्या एका साहेबाचा तिने भर वाचनालयात कान मुडपला होता, आणि तो साहेब पुढच्या आठवड्यात निमूटपणे परत आला होता. जाणार कुठे? आत्यासारखं पुस्तक निवडून देणारं माणूस दुसरं नव्हतं.

तिची एक पद्धत होती. ऋतू पालटला की ती घरोघरच्यांसाठी एकेक गठ्ठा बांधायची. गठ्ठ्यात तीन पुस्तकं: एक देवाचं, एक स्वतःला सुधारायचं आणि एक नुसतं मजेचं, तोंडाची चव बदलायला. थंडीत जड पुस्तकं, कारण माणूस घरात जास्त असतो. उन्हाळ्यात हलकी, कारण डोकं आधीच तापलेलं असतं. कोणाच्या घरी काय चाललंय हे तिला सगळं ठाऊक असायचं. कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळली, कोणाला झोप येत नाही, हे पाहून ती पुस्तक काढायची. आणि प्रत्येक पुस्तकात, तिला वाटेल त्या पानावर, शिलाईचा लाल दोरा घालायची. दोरा असेल तिथून सुरुवात करायची, असा नियम होता. पहिल्या पानापासून वाचायची मुभा फक्त मजेच्या पुस्तकाला होती. लोक हसायचे, पण दोऱ्याचं पान उघडायचे, आणि बहुतेकदा त्यांना तिथे आपलंच दुखणं सापडायचं.

हे वेड तिला लागलं त्याला कारण होतं. आत्याचा नवरा ट्रकवर होता. तो घरी आला की आधी आवाज यायचा, मग वास यायचा, मग हात यायचा. लाथ, पट्टा, हाताला लागेल ते. एकदा त्याने तिला दाराच्या चौकटीवर असं आदळलं की गळ्याजवळचं हाड मोडलं. ते वाकडंच जुळलं आणि तिचा उजवा खांदा कायमचा खाली राहिला. कानामागे बोट जाईल एवढी खोक होती, ती केसांनी झाकायची. त्या दिवसांत कोणीतरी तिला एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक दिलं होतं. देवभोळ्या माणसाने लिहिलेलं, सोसण्यावरचं. सोसणाऱ्या बाईच्या घरात देव उभा असतो, असं त्यात एका पानावर होतं. आत्या दर थंडीत ते पुस्तक वाचायची. तोंड सुजलेलं असलं तर मनात वाचायची. मग एकदा नवरा पिऊन जिन्यावरून गडगडत खाली आला आणि मान मोडून मेला. आत्याने सगळं श्रेय पुस्तकाला दिलं. तेव्हापासून न्हाणीघरात पाय घसरला, कपाटाचं दार लागलं, अशी कारणं सांगत जी कोणी बाई सुजल्या डोळ्याने वाचनालयात यायची, तिच्या गठ्ठ्यात निळं पुस्तक जायचं. तिने त्याच्या तीन प्रती मिळवून ठेवल्या होत्या आणि तिन्ही सारख्या बाहेर असायच्या. आता यात कुठे काय चुकलं हे सांगायला शहाणं माणूस लागत नाही. पण आपण ज्याच्या आधाराने जगलो ते खोटं होतं, हे कबूल करणं कोणाच्या बापाला जमलंय?

तिच्या सगळ्या वाचकांत सर तिचे लाडके. सर म्हणजे गाडी शिकवणारे सर. पांढरा शर्ट, कंगव्याने चोपून बसवलेले केस, आणि आवाज असा की शेजारच्या झोपलेल्या पोराची झोप मोडू नये. शिकणाऱ्याने गाडी भिंतीवर घातली तरी ते म्हणायचे, "ठीक आहे. श्वास घ्या. परत." दारूचा थेंब नाही, सिगारेट नाही. स्वतःला घडवण्याची पुस्तकं ते अशी वाचायचे की आत्याचा ऊर भरून यायचा. सवयी कशा लावाव्यात, वेळ कसा वापरावा, घर कसं चालवावं, सगळं कागदावर उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात आणायचे. बाकीचे पुस्तकं नुसती वाचतात, सर ती वापरतात, असं आत्या येईल त्याला ऐकवायची.

सरांची बायको घरी शाळांचे गणवेश शिवायची. तिला सगळे शिलाईवालीच म्हणत. बारीक चणीची, कमी बोलणारी. गठ्ठे न्यायला आणि परत द्यायला तीच यायची. आत्याला ती थोडी बावळट वाटायची, कारण तिच्या हातून वस्तू पडायच्या आणि कोणी मोठ्याने बोललं की ती दचकायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सर स्वतः आले आणि म्हणाले की घरी जरा लक्ष नसतं हिचं, सारखी धडपडते, मन शांत राहील असं काहीतरी सुचवा. आत्याला त्यांचं कौतुकच वाटलं. बायकोसाठी पुस्तक मागणारा नवरा तिने तोवर पाहिला नव्हता. तिने त्या गठ्ठ्यात शिलाईवालीसाठी निळं पुस्तक घातलं, सोसण्याच्या पानावर दोरा ठेवून. आणि सरांसाठी शिस्तीचं एक नवं पुस्तक घातलं. त्यात एक प्रकरण होतं: चूक झाली की परिणाम त्याच दिवशी व्हावा, रागाने नव्हे, थंड डोक्याने, आणि दर वेळी त्याच मापाने, म्हणजे माणूस सुधारतो. सरांना शिकवताना उपयोगी पडेल म्हणून आत्याने दोरा नेमका तिथे ठेवला.

उन्हाळा सरत आला तशी शिलाईवाली गठ्ठा परत द्यायला आली. दुपार होती, पत्रा तापला होता, आणि बाईने मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या घातल्या होत्या. आत्याने सवयीने पुस्तकं चाळली. निळ्या पुस्तकातला दोरा जागच्या जागी होता, पण ते एक पान भिजून वाळून खडबडीत झालं होतं, अक्षरं फुटली होती. बाकीच्या पानांना कोणी हात लावलेला नव्हता. आत्याचं डोकं फिरलं. पुस्तकाला पाणी लावणारा माणूस तिच्या लेखी खुन्याच्या जरा अलीकडे होता. तिने टेबलावरून हात लांबवून शिलाईवालीचं मनगट धरलं आणि हे काय केलंस म्हणून जोरात ओढलं. बटण तुटलं. बाही कोपरापर्यंत सरकली.

हातावर वळ होते. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, सगळे एका लांबीचे. वरचे पिवळे पडलेले, मधले हिरवट, मनगटाजवळचे ताजे, कातडी फुटलेले. आत्याने मार खूप खाल्ला होता, पण इतका नीटनेटका मार तिने कधी पाहिला नव्हता. तिचा नवरा मारायचा तेव्हा घर डोक्यावर घ्यायचा, आणि ज्या घरातून आरडाओरडा येत नाही त्या घरात सुख आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आवाज न चढवताही कोणी मारू शकतो, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. तिने मनगट सोडलं. मग हळूच विचारलं, कोणी.

"सरांनी," शिलाईवाली म्हणाली. घरातही ती त्यांना सरच म्हणायची.

मग तिने सांगितलं. रडली नाही, शिवणाचं माप सांगावं तसं सांगितलं. पुस्तक घरी आलं त्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी हात धुऊन बसतात. दिवसभरात तिच्या काय काय चुका झाल्या ते वाचून दाखवतात. चहा सांडला, उत्तर द्यायला उशीर केला, दाराचा आवाज केला. मग लाकडी फूटपट्टी घेतात. एका चुकीला एक. रागावत नाहीत. ती ओरडली तर थांबतात, श्वास घे म्हणतात, आणि तो फटका मोजत नाहीत, परत मारतात. संपलं की तिला निळं पुस्तक समोर धरून दोऱ्याचं पान मोठ्याने वाचायला लावतात. अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून. पान भिजलं ते तसं. गेल्या महिन्यात शिवणकामाची मोठी कात्री तिच्या तळहातावर उलटी दाबून धरली होती, कारण एका गणवेशाची बाही उलटी लागली होती. आणि परवा ते म्हणाले की पट्टीचा आता परिणाम होत नाही, पुढची पायरी शोधावी लागेल.

"ते म्हणतात, आत्यांनी विचार करून दोरा ठेवलाय," ती म्हणाली. "दोन्ही पुस्तकांत."

आत्याने दोन्ही पुस्तकं मिटून बाजूला सारली. पण तोंड बंद राहील तर ती आत्या कसली? तिने निळ्या पुस्तकाची बाजू घेतली. सर वाईट निघाले, पण पुस्तक वाईट नाही, मी स्वतः त्याच्यावर दिवस काढलेत, असं ती बोलत सुटली. शिलाईवालीने ते सगळं ऐकून घेतलं. मग बाही खाली ओढत विचारलं, "आत्या, ते पुस्तक वाचून तुमचा मार थांबला?"

आत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला खरं उत्तर एकच सापडलं.

"तो मेला तेव्हा थांबला," ती म्हणाली.

पलीकडे लेथ सुरू झाली. मग शिलाईवालीने एक मागितलं. मागच्या खोलीत काही दिवस राहू द्याल का? दुसऱ्या गावी बहीण आहे, तिला कळवते, ती येऊन नेईल. तोवर फक्त. एवढंच मागताना तिच्या कपाळावर घाम आला होता.

इथे आत्या चुकली. दुसरी कोणीही बाई असती तर तिने शटर ओढलं असतं, पोरीला आत घेतलं असतं, फार तर हो-नाही करत दाराला कडी लावली असती. पण आत्याचा देवापेक्षाही पुस्तकांवर जास्त विश्वास होता. पुस्तकाने बिघडलंय तर पुस्तकानेच नीट होईल, असं तिच्या मनाने घेतलं. ती म्हणाली की घाई करू नकोस, सर वाचणारा माणूस आहे, त्याला योग्य पान मिळालं की तो वळेल, उद्या ये आणि पावसाळ्याचा गठ्ठा घेऊन जा, मी बघते काय करायचं ते. शिलाईवालीने मान हलवली. तिला नकार ऐकायची सवय होती.

आत्याने संध्याकाळभर कपाटं उपसली. अखेर तिला हवं ते सापडलं. एका माणसाने आपल्याच आयुष्यावर लिहिलेलं पुस्तक होतं. तो बायकोला मारायचा, मग देवाकडे वळला, पश्चात्तापाने पोळला, बायकोच्या पाया पडला. चांगलं पुस्तक होतं, खोटं काही नव्हतं त्यात. बायकोवर उचललेला हात देव पाहतो, अशा अर्थाच्या पानावर तिने दोरा ठेवला. निसटू नये म्हणून दोन वेळा गुंडाळला. तिन्ही पुस्तकं फडक्यात बांधून तिने गाठ मारली आणि दुसऱ्या दिवशी शिलाईवालीच्या हातात दिली. आत काय आहे ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पोरीने गठ्ठा तिथेच टाकून पळ काढला असता.

त्याच्या पुढच्या दुपारी सर आले. बरोबर शिलाईवाली होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली, खालचा ओठ फाटलेला, एक डोळा पूर्ण मिटलेला. सरांनी चपला बाहेर काढल्या. शटर अर्ध्यावर ओढलं, ऊन येतंय म्हणाले. मग ते पुस्तक टेबलावर ठेवलं, दोऱ्याच्या पानावर उघडून, आणि खुर्ची ओढून बसले.

"आत्या, हे पान तुम्ही माझ्यासाठी ठेवलंत," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या घरातलं बाहेर आलं. हिने मान्य केलंय. ही मोठी चूक आहे, याला पट्टी पुरायची नाही. आणि चूक इथे झाली, तर परिणामही इथेच व्हायला हवा. तुमच्याच पुस्तकात आहे."

आत्या उभी राहिली खरी, पण पुढे तिच्या हातून काही होईना. सर उठले, शिलाईवालीचा उजवा हात धरला, तो शिकंज्याच्या खालच्या पाटीवर ठेवला, बोटं नीट सरळ केली, एकेक, जसं शिकाऊ माणसाचा हात ते गियरवर ठेवत असतील तसं. शिलाईवाली ओरडली नाही. ओरडलं की फटका धरत नाहीत, हे तिला शिकवलेलं होतं. सरांनी डाव्या हाताने तिचं मनगट दाबून धरलं आणि उजव्या हाताने चाक फिरवलं. वरची पाटी बोटांवर येऊन टेकली.

"श्वास घे," ते म्हणाले. "परत."

आणि आणखी थोडं फिरवलं.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते. सोसणाऱ्या बाईच्या घरात देव उभा असतो, सोसणाऱ्या बाईच्या घरात. ट्रकवाल्यापुढे उभी असताना हलायचे तसेच ते आपोआप हलत होते, आणि अंग तसंच लाकूड झालं होतं. हीच बाई बँकेच्या साहेबाचा कान पिळायची, आणि इथे हातपाय गळून उभी होती. तिला स्वतःची किळस आली. तेवढ्यात शिकंज्यातून एक आवाज आला. पुस्तकाची पाठ मोडताना येतो तो, तिच्या रोजच्या ओळखीचा. पण शिकंज्यात पुस्तक नव्हतं.

तिचे ओठ थांबले. टेबलावर दाभण होतं, लाकडी मुठीचं, पुठ्ठ्यातून आरपार जाणारं. आत्याने ते उचललं आणि चाकावरच्या सरांच्या हातात खुपसलं. अंगठ्याच्या मुळाशी घुसलं आणि तळहातातून टोक बाहेर आलं. सरांनी पहिल्यांदा आवाज केला. वाचनालयाच्या भिंतींनी तो आवाज इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. पुढे लेथवाले सांगायचे की यंत्राच्या पट्ट्यात कोणी सापडलं असं त्यांना वाटलं. सरांनी दुसऱ्या हाताने आत्याच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा पुढचा दात तुटून जिभेवर आला. ती तो थुंकली, आणि पुठ्ठे ठोकायची हातोडी घेऊन वळली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. सर खाली गेले. कपाट धरायला गेले तर कपाटच अंगावर आलं आणि माणसाला घडवणारी सगळी पुस्तकं त्यांच्या डोक्यावर कोसळली. आत्याने पुस्तकांच्या ढिगातूनच मारलं. बरगडीवर, कोपरावर, परत बरगडीवर. तिच्या तोंडून रक्त आणि शिव्या एकदम येत होत्या. ती सरांना मारत होती, जिन्यावरून पडलेल्या त्या मेलेल्या माणसाला मारत होती, आणि थोडं स्वतःलाही. हातोडी डोक्याचा नेम धरून वर गेली तेव्हा मागून कोणीतरी तिच्या त्या वाकड्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, बस," शिलाईवाली म्हणाली. "पुरे."

तिने डाव्या हाताने चाक उलटं फिरवून आपला हात आपणच सोडवला होता. दोन बोटं भलतीकडे वळली होती, नखांतून रक्त टेबलावर टपकत होतं. आत्याने हातोडी खाली ठेवली. पुस्तकांखालून सर तिच्याकडे पाहत होते, तोंड रक्ताने भरलेलं, आणि परत त्याच जुन्या आवाजात म्हणाले की तुम्ही फार चिडलात, आत्या, इतकं चिडणं बरं नाही. तेवढ्यात कारखान्यातल्या माणसांनी शटर वर केलं.

पुढचं सगळं जसं नेहमी होत असतं तसंच झालं. पोलीस आले. आधी त्यांनी आत्यालाच गाडीत घातलं, कारण रक्त तिच्या हातांवर होतं आणि सर साहेबासारखे बोलत होते. मग कारखान्यातल्या फोरमनने शिकंज्यावरचं रक्त आणि शिलाईवालीची बोटं दाखवली, डॉक्टरने हातावरचे आणि पाठीवरचे वळ पाहिले, आणि सर आत गेले. आत्यावरही खटला राहिला. तारीख आली की ती नवीन दात लावून जायची. वस्तीतल्या निम्म्या लोकांना पटलंच नाही. इतका शांत माणूस, कधी कोणाला उलट बोलला नाही, म्हातारीच्याच डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक बोलायचे. काही जणांनी पुस्तकं परत केली ती केलीच. आत्याने ते कानामागे टाकलं. तिला एकच गोष्ट खात होती. त्या पोरीने एक खोली मागितली होती आणि आपण पुस्तक दिलं.

शिलाईवाली मागच्या खोलीत राहायला आली. बहीण येऊन गेली, चल म्हणाली, पण ती गेली नाही. दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. डॉक्टरने शिवणकाम सोडा सांगितलं, तेव्हा तिने यंत्र उलट बाजूने लावून घेतलं आणि डाव्या हाताने कापड पुढे सरकवायला शिकली. पहिल्या पहिल्या शिवणी अशा वाकड्या यायच्या की तिचं तिलाच हसू यायचं. एखाद्या रात्री झोपेत ती श्वास मोजायची, मोठ्याने. मग आत्या उठून तिला हलवायची, दोन शिव्या द्यायची आणि पाणी आणून द्यायची.

निळ्या पुस्तकाच्या तिन्ही प्रती परत आल्या तशा आत्याने शिकंज्यासमोर बसून त्यांचे पुठ्ठे उलटे वाकवले. पाठी मोडल्या. पानं पट्ट्या पट्ट्या करून कापली आणि खळीत भिजवून दुसऱ्या पुस्तकांच्या पाठीला आतून चिकटवून टाकली. जाळायला मन झालं नाही. कितीही झालं तरी दिवस त्याच्यावर काढले होते. त्या थंडीत तिने कोणालाच गठ्ठा बांधला नाही. लोक विचारायचे, यंदा काय वाचावं. ती म्हणायची, काय वाटेल ते वाच, पहिल्या पानापासून वाच, मला विचारू नकोस.

थंडी उतरत आली तशी एका सकाळी एक नवी सून आली. नवं लग्न, नवी चप्पल, बोलताना आधी हसायची आणि मग बोलायची. सासूने पाठवलं होतं. संसार सांभाळायचं एक चांगलं पुस्तक तुमच्याकडे मिळतं, ते उन्हाळ्यासाठी घेऊन ये, असं सासूबाई म्हणाल्या. आत्याचा हात सवयीने निळ्या पुस्तकाच्या जागेकडे गेला. जागा रिकामी होती. मागच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

आत्याने तिला खुर्ची दिली. पुस्तक नेमकं कोणाला हवंय ते विचारलं. सून म्हणाली की मलाच. माझ्या हातून फार चुका होतात, म्हणून. आत्याने विचारलं, नवरा काही बोलतो का?

"छे, ते फार चांगले आहेत," सून हसून म्हणाली. "कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत."

पूर्वीची आत्या असती तर एवढ्यावर खूश होऊन उठली असती. आत्या उठली, पण कपाटाकडे गेली नाही. तिने शटर खाली ओढलं आणि परत येऊन सुनेच्या समोर बसली. शिलाईवाली मधल्या दारात येऊन उभी राहिली होती, वाकडी बोटं ओढणीत न लपवता.

"बाही वर कर," आत्या म्हणाली.